डावीकडे ओढणारी गाडी

लालबागला आईच्या गाडीचा हातगाडीला धक्का लागला, त्या दिवशी मी मागच्या सीटवर बसले होते. पुढची सीट मसाल्याच्या डब्यांनी अडवली होती. ताजा कुटलेला मसाला गरम असतो, डब्यांची झाकणं थोडी उघडी ठेवावी लागतात, आणि डबे कलंडू नयेत म्हणून आई त्यांना सीटबेल्ट लावते. दर उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला कुटून घ्यायचा आणि तो आणायला स्वतः गाडी काढायची, ही तिची जुनी रीत. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

गाडी अगदी हळू चालली होती. त्या बाजारात कोणाचीच गाडी जोरात जाऊ शकत नाही. समोर एक बाई पिशव्या सांभाळत रस्त्यावर उतरली, आईने ब्रेक दाबला, आणि गाडी थांबता थांबता डावीकडे सरकली. कडेला बेडगी मिरच्यांच्या पोत्यांनी भरलेली हातगाडी उभी होती. तिच्या चाकाला आमचा बंपर टेकला. वरचं एक पोतं घसरलं, खाली पडून शिवणीवर उसवलं आणि रस्ताभर लाल मिरच्या पसरल्या. लोकांच्या पायांखाली त्या चिरडल्या तसा खकाणा उठला आणि सगळे शिंकायला लागले. हातगाडीवाला शिंकत होता, दुकानदार शिंकत होता, ती पिशव्यांवाली बाईही शिंकत होती.

कोणाला काही लागलं नाही. आई उतरली, तिने आधी हातगाडीवाल्याच्या पायाकडे बघितलं, मग त्याच्या हाताकडे, आणि मगच मिरच्या गोळा करायला वाकली. दुकानदार भला माणूस होता. एवढ्या-तेवढ्याने काही होत नाही म्हणाला, दोन माणसं पाठवून त्याने रस्ता मोकळा करून घेतला. पण गर्दीतला एक जण माझ्याकडे वळून म्हणाला, "आजींना या वयात कशाला चालवायला देता? घरात दुसरं कोणी नाही का?" आई माझ्या शेजारीच उभी होती. तो मात्र बोलला माझ्याशीच, ती तिथे नसल्यासारखा.

आईने हात झटकले. ती पुन्हा गाडीत बसली, परळला आमच्या गल्लीपर्यंत नेहमीसारखी आली, आणि नेहमीसारखी एका दमात बदामाच्या झाडाखाली गाडी लावली. मग किल्ली काढून तिने माझ्या हातात दिली.

"ब्रेक दाबला आणि गाडी डावीकडे गेली," ती म्हणाली. "मी नेली नाही. गेली."

मागच्या सीटवरून मला फक्त गाडी कडेला गेलेली दिसली होती. ती कोणामुळे गेली हे मागे बसलेल्या माणसाला कसं कळणार?

आईच्या गाडी चालवण्याबद्दल इथे थोडं सांगायला हवं. ती परळच्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होती. तिच्या हाताखाली कितीतरी नर्स शिकून गेल्या. निवृत्त व्हायच्या थोडं आधी बाबांच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. बाबा माझगावच्या गोदीत नोकरीला होते, धडधाकट माणूस, पण डायलिसिसनंतर त्यांच्यात चार पावलं टाकायचंही बळ नसायचं. टॅक्सीवाले जवळचं भाडं म्हटलं की मान हलवायचे. तेव्हा एक दिवस आई मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घालून आली. ताईचं लग्न झालेलं, माझं ऑफिस फोर्टात. कोणाला न विचारता तिने ते ठरवलं.

तिला शिकवणारे गृहस्थ पूर्वी टॅक्सी चालवायचे. बाकीचे शिकाऊ पोरगे गिअर टाकायला उतावीळ, आणि हे आईला पहिला आठवडा गाडीभोवती फिरवत राहिले. गाडी बसून चालवायची, पण आधी उभं राहून बघायची, असं त्यांचं म्हणणं. टायर बसलाय का, खाली तेल गळलंय का, गाडी एका बाजूला कललीय का. आईला हे फार पटलं. पेशंटच्या खाटेजवळ गेल्यावर तीही आधी उभी राहून बघायची.

मग जुनी, लहान, करड्या रंगाची गाडी घेतली. बाबांना घेऊन येता-जाता आईने एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता. ब्रेक असा दाबायचा की बाबांची मान हलू नये. येताना ते डोकं मागे टेकून झोपलेले असायचे. सिग्नलला गाडी उभी राहिल्याचं त्यांना कळायचंही नाही. बाबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. गाडी राहिली, आणि आईचा तो पायही राहिला. म्हणून मिरच्यांच्या त्या रस्त्यावर गाडी जशी डावीकडे सरकली, ते तिच्या चालवण्यातलं नव्हतं, एवढं मलाही जाणवलं होतं. पण चौऱ्याहत्तरी म्हणजे चौऱ्याहत्तरी.

ताई ठाण्याला राहते. तिला मी रात्री फोनवर सांगितलं, कारण नंतर कळलं असतं तर ती जास्त चिडली असती. ती चिडली नाही, घाबरली. आज पोतं होतं, उद्या माणूस असेल, असं म्हणाली. किल्ली लपवून ठेव म्हणाली. मी फोन स्पीकरवर ठेवला नव्हता, पण आमच्या घरात दोन खोल्या, आई कूस बदलून पडली होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं.

सकाळी चहा घेताना ती म्हणाली, "तुझ्या ताईचं बरोबर आहे. तपासायला हवंच. आधी गाडी बघू, मग मला बघा. तोवर किल्ली तुझ्याकडे."

तिच्या आवाजात राग नव्हता. वॉर्डात राउंडला निघाल्यासारखी ती उठली आणि खाली आली. मी मागोमाग.

झाडाखाली प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून तिने मला कामाला लावलं. माझ्याकडे लायसन्स आहे, पण मी गाडी क्वचित चालवते, आणि बॉनेटखाली काय असतं ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. तिने आधी स्वतःलाच प्रश्न विचारले, मोठ्याने, मला ऐकू येईल असे. गाडी नेहमी ओढते की फक्त ब्रेक दाबल्यावर? सकाळी थंड असतानाही ओढते की थोडी चालल्यावर? स्टेअरिंग थरथरतं का? आठवून आठवून ती उत्तरं देत होती. थरथरत नाही. पुलावरून उतरताना ब्रेक दाबला की हाताला काहीतरी लागायचं, पण ते कधीपासून, हे तिला नीट सांगता येईना. त्या एका प्रश्नापाशी ती बराच वेळ थांबली आणि मग पुढे गेली.

मग मी चारही टायर बघितले. हाताने चाचपून, वाकून, आतली बाजू टॉर्चने. पुढचे दोन्ही सारखेच झिजलेले दिसले. गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन दाबायचं आणि सोडायचं, असं तिने सांगितलं. गाडी वर येऊन एकदाच हलली आणि गप्प झाली. दुसऱ्या बाजूलाही तसंच. म्हणजे धक्के झेलणारे शॉकअप ठीक असावेत, आई म्हणाली. तोवर गल्लीतली दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती आणि प्रत्येकाकडे एक मत होतं. गल्लीत सहा महिने रस्ता खोदून ठेवला होता, त्यातल्या खड्ड्यांनी स्टेअरिंग गेलं असणार, असं एकाचं ठाम म्हणणं. आईने सगळ्यांचं ऐकून घेतलं.

पेट्रोल पंपावर हवा तपासली, तर पुढच्या डाव्या टायरमध्ये थोडी कमी निघाली. मला तर हायसंच वाटलं. हवा कमी असलेल्या बाजूला गाडी ओढते, हे तर सगळ्यांना माहीत आहे. सापडलं, मी आईला म्हणाले. आई म्हणाली, हवा भर आणि चालवून बघ, मग सापडलं म्हण.

चालवून बघायला आम्ही रविवारी सकाळी रे रोडकडे गेलो. गोदीच्या बाजूला, लाकडाच्या वखारींच्या पुढे, रस्ता रुंद आणि सरळ आहे, आणि रविवारी त्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. मी चालवत होते, आई शेजारी. तिने सांगितलं तसं गाडी हळू ठेवली, मागे कोणी नाही हे आरशात पाहिलं, आणि स्टेअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ गेली. मी आईकडे बघितलं. ती समोर बघत होती.

"आता ब्रेक दाब. एकदम नको. जसा आपण रोज दाबतो तसा."

मी दाबला. स्टेअरिंग माझ्या हातातून डावीकडे निघालं. कोणीतरी अंगठ्याला धरून ओढावं तसं, हळू, पण नक्की. गाडी थांबली तेव्हा तिचं नाक वखारीच्या भिंतीकडे वळलेलं होतं.

मी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा आईने नको म्हटलं, ब्रेकच्या खोडीशी खेळायचं नाही, आणि आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश घरी आलो. मला आठवतं, मला दोन गोष्टी एकदम वाटत होत्या. आई खरं बोलत होती याचं समाधान, आणि हीच गाडी ती कित्येक दिवस गर्दीतून चालवत होती याची भीती.

ताईला फोन केला. तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली की ठीक आहे, गाडीत दोष असेल, पण ड्रायव्हरने स्टेअरिंग घट्ट धरून ती सावरायला हवी होती, आणि आईला ते जमलं नाही. मला हे कठोर वाटलं. पण खोटं आहे असंही म्हणता येईना.

पुढच्या आठवड्यात मी गाडी दादरला एका मोठ्या दुकानात अलाइनमेंटला, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का ते तपासायला, नेली. तिथल्या मुलाने चाकांना यंत्रं लावली, पडद्यावर हिरवे-लाल आकडे दाखवले, थोडं इकडचं तिकडे केलं आणि सगळे आकडे हिरवे करून दिले. मी ब्रेकचं सांगितलं. गाडी कोण चालवतं, त्याने विचारलं. आई चालवते, चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, असं सांगताच त्याचा चेहरा समजूतदार झाला. मग त्यांना ब्रेक जरा हलका मारायला सांगा, म्हणाला. मी पैसे देऊन निघाले. रे रोडला ब्रेक मी मारला होता.

आकडे हिरवे झाले, पण गाडी ओढायची थांबली नाही. मी वैतागले. मला वाटलं, एकदा सगळंच बदलून टाकावं, टायर, ब्रेक, जे असेल ते, म्हणजे सुटलो. आईने ऐकलं नाही. एका वेळी एकच औषध बदलायचं, नाहीतर गुण कशानं आला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं, असं तिचं म्हणणं. मग तिने आमच्या खालच्या मजल्यावरच्या टॅक्सीवाल्याला बोलावून पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावून घेतले. टायरमध्ये खोट असेल तर गाडी आता उजवीकडे ओढेल. गाडी डावीकडेच ओढत राहिली. म्हणजे टायर निर्दोष सुटले. आईला याचा जवळपास आनंदच झाला. मला मात्र रविवार वाया गेल्यासारखा वाटला.

त्या टॅक्सीवाल्यानेच रे रोडच्या एका मेस्त्रींचा पत्ता दिला. स्टेशनपासून थोडं आत, दोन वखारींच्या मधल्या बोळात त्यांचं गॅरेज. लाकडाच्या भुशाचा वास आणि ब्रेक ऑइलचा वास एकत्र येत होते. मेस्त्री पन्नाशीचे, चष्मा कपाळावर सरकवलेला. आई त्यांच्याशी आधी साधं मराठी बोलली, पण त्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला ती थबकली आणि तिने विचारलं, "तुमचो गाव खंयचो?" देवगडच्या अलीकडचा निघाला. आमचा मालवणच्या पलीकडचा. पुढचा सगळा तपास मालवणीत झाला, आणि मुंबईच्या शाळा-कॉलेजात वाढलेली मी निम्मं समजत, निम्मं अंदाजाने घेत उभी राहिले.

मेस्त्रींनी घाई केली नाही. जॅक लावून पुढचं चाक उचललं, दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे हलवलं, मग वर-खाली धरून हलवलं. मला हात लावायला बोलावलं. चाक हाताला घट्ट लागलं, कुठे खडखड नाही. दुसरं चाकही तसंच. स्टेअरिंगचे जोड आणि बॉल जॉइंट ठीक आहेत, म्हणाले. खड्ड्यांनी स्टेअरिंग गेल्याचं गल्लीतलं मत तिथेच निकालात निघालं.

मग ते स्वतः गाडी घेऊन त्याच सरळ रस्त्यावर गेले. आई पुढे बसली, मी मागे. त्यांनी बऱ्याच वेळा ब्रेक दाबला, गाडी परत आणली, आणि उतरल्याबरोबर चाकांपाशी उकिडवे बसले. डाव्या पुढच्या चाकाजवळ तळहात नेला, टेकवला नाही, आणि मागे घेतला. मग उजव्याजवळ नेला आणि तिथेच ठेवला.

"काकी, ह्यां तापलांहा," ते डावीकडे बोट करून म्हणाले. "आणि ह्यां गार आसा."

मला लगेच वाटलं, डावं बिघडलं आहे. तापलेलं आहे ते बिघडलेलं, गाडी ओढते तीही डावीकडे, यात विचार करण्यासारखं काय आहे? मी तसं म्हटलंही. मेस्त्री माझ्याकडे बघून काहीतरी सांगायला लागले, तेवढ्यात आई गाडीतून उतरली. तिने दोन्ही चाकांजवळ आपला हात धरून बघितला. थोडा वेळ तशीच वाकून उभी राहिली.

मग मराठीत, माझ्यासाठी म्हणाली, "अर्धांगाच्या पेशंटचं तोंड वाकडं होतं ना, ते कुठल्या बाजूला? लोकांना वाटतं, वाकडी झाली ती बाजू गेली. तसं नसतं. चांगली बाजू ओढून घेते, दुसरीत ताकदच नसते म्हणून."

मेस्त्रींनी मान डोलावली. मी तेच सांगत होतो, म्हणाले. उजवा ब्रेक पकडतच नव्हता. डावा बिचारा दोघांचं काम करत होता, म्हणून तापत होता, आणि एकटाच थांबवत होता, म्हणून गाडी त्याच्याकडे फिरत होती.

उजवं चाक काढलं तेव्हा ते दिसलंच. ब्रेकची तबकडी मधल्या भागात गंजून मळकट झालेली, डाव्यासारखी चकचकीत नाही. तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा जो भाग असतो, तो ज्या दोन पिनांवर सरकतो, त्या पिना जाम झाल्या होत्या. त्यांच्यावरची रबरी टोपणं फाटलेली होती. मेस्त्रींनी विचारलं, गाडी पाण्यात उभी असते का? पावसाळ्यात आमच्या गल्लीत पाणी साचतंच, आणि आई गाडी लावते तशी उजवी चाकं गटाराच्या बाजूला येतात. मागच्या पावसाळ्यात आत गेलेलं पाणी तिथेच राहिलं असणार. पॅडही एका टोकाला जास्त झिजून तिरके झाले होते. मेस्त्रींनी ते आईच्या हातात दिले. तिने ते उजेडात धरून बघितले, मग माझ्याकडे दिले. माझे हात काळे झाले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसातही नखांत ती काळी रेघ राहिली होती.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. पिना साफ करून, नवं ग्रीस भरून, नवी टोपणं बसवली. पॅड दोन्ही चाकांचे बदलले, कारण एका बाजूला नवा आणि एका बाजूला जुना ठेवला तर पुन्हा तेच दुखणं. ब्रेकचं तेल बदलून आतली हवा काढली. आई तेवढा वेळ वखारीच्या सावलीत बसून होती. मेस्त्रींच्या बायकोचा डबा आला, त्यातली कुळथाची पिठी आणि भात त्यांनी आम्हाला आग्रहाने वाढला. आईने जेवताना मसाला कुठे कुटता वगैरे चौकशा केल्या, पण मिरच्यांची गोष्ट सांगितली नाही.

गाडी तयार झाल्यावर मेस्त्रींनी किल्ली आईकडे केली. आईने माझ्याकडे बोट दाखवलं. मी चालवली, त्याच रस्त्यावर, आणि ब्रेक दाबला. गाडी सरळ थांबली. स्टेअरिंग हातात होतं तिथेच राहिलं. मी पुन्हा दाबला, थोडा जोरात. सरळच थांबली. मला एकदम रडूच आलं. आईने पाहिलं आणि बाहेर बघायला लागली, म्हणजे मला डोळे पुसता येतील.

ताईला मी घरी येऊन फोन केला आणि सगळं सांगितलं, जरा विजयाच्या सुरातच. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, आईला दे फोन. आईला काय म्हणाली ते मला माहीत नाही. आई एवढंच म्हणत राहिली, असू दे गो, तुझं काही चुकलं नाही.

मला वाटलं, इथे हे संपलं. मी किल्ली खुंटीला अडकवली. पण आठवडा गेला, दुसरा गेला, आणि आई किल्लीला हात लावेना. मला वाटलं, तिने धसका घेतला. शेवटी मी विचारलं.

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "गाडी ओढत होती हे खरं निघालं. पण ती पावसाळ्यापासून ओढत असणार. हळूहळू वाढत गेलं असणार. आणि मी रोज ब्रेक दाबताना तेवढं स्टेअरिंग उजवीकडे धरत गेले, आणि धरते आहे हे मला कळलंच नाही. पूर्वी बाबांना आणायची तेव्हा असं काही झालं असतं तर मला त्याच दिवशी कळलं असतं." थोडी थांबून ती पुढे म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, मग मला बघा. तुम्ही कोणी बघितलं नाही."

तिला निर्दोष ठरवायच्या भरात तिचं अर्धं म्हणणं मी ऐकलंच नव्हतं.

मग आम्ही तिला बघितलं. तिच्या जुन्या रुग्णालयात नाही, तिथे सगळे ओळखीचे, मोठेपणा देऊन सोडतील, असं म्हणून ती गिरगावात एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू चांगलाच पिकलेला निघाला. उजवा डोळा सांभाळून घेत होता, त्यामुळे घरात, वाचताना, टीव्ही बघताना तिला काही वावगं वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी एक डोळा झाकून समोरची अक्षरं वाचायला लावली, तेव्हा ती स्वतःच चकित झाली. लालबागला हातगाडी डावीकडेच उभी होती. गाडीत दोष नसता तर ती तिला वेळेवर दिसली असती का, हे आता कोणीच सांगू शकत नाही. तिने तो प्रश्न डॉक्टरांना विचारला. ते म्हणाले, विचारू नका. ती म्हणाली, मी विचारणार.

शस्त्रक्रिया झाली. पावसाळा संपत आला तोवर तिची नजर साफ झाली होती, भिंतीचा रंग इतका निळा आहे हे आपल्याला आताच कळलं म्हणायची. बाकीच्या तपासण्याही तिने स्वतःहून करून घेतल्या. मान वळते किती, पायात ताकद किती, कान किती चालतात. डॉक्टरांनी गाडी चालवायला हरकत नाही म्हटलं. मग तिने स्वतःचे नियम केले. अंधार पडल्यावर चालवायचं नाही. बाजारात न्यायची नाही. पावसाळ्यानंतर मेस्त्रींकडे जाऊन चारही चाकं उघडून बघायची. आणि मी शेजारी बसून एकदा बघायचं आणि खरं सांगायचं.

मी शेजारी बसले. नायगावच्या बाजूने फिरून आम्ही आलो. तिने दोन्ही बाजूंचे आरसे बघितले, वळताना मान पूर्ण वळवली, पूर्वीपेक्षा थोडी सावकाश चालवली. मी खरं सांगितलं. चांगली चालवतेस, म्हणाले. पण रिक्षा आडवी आली की चिडतेस, ते कमी कर. रिक्षा इकडे येतच नाहीत, ती म्हणाली. मुंबईच्या या भागात खरंच नसतात. तू नुसतं तोंडदेखलं बोलत नाहीस ना, हे तपासत होते, असं तिने नंतर हसत सांगितलं, पण मी चुकीचं बोलले होते हे खरंच. टॅक्सी म्हणायचं होतं मला.

दिवाळीनंतर ताई राहायला आली. दुसऱ्या दिवशी ताई म्हणाली, मला दादरला जायचंय. मी सोडते म्हणाले. ताई म्हणाली, तू नको, आई सोडू दे. आईने तिला सोडलं, आणि दोघी परत आल्या त्या बऱ्याच उशिराने, शिवाजी पार्कात बाकावर बसून आल्या म्हणे.

काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. पण त्या संध्याकाळी ताईने विचारलं, पन्नाशीनंतर गाडी शिकता येते का? आई छप्पन्नाव्या वर्षी शिकली हे आम्हा दोघींना माहीत होतं, तरी तिने विचारलं. आईने ताबडतोब हो म्हटलं नाही. आधी डोळे तपासून ये, म्हणाली.

ताईने तपासून घेतले, स्कूलला नाव घातलं, कच्चं लायसन्स काढलं. स्कूलवाला शिकवतो, पण त्याच्या गाडीत दुसरा ब्रेक त्याच्या पायाखाली असतो, त्यामुळे ताईला आपला ब्रेक कसा लागतो ते कळतच नाही, असं आईचं मत. म्हणून आता रविवारी सकाळी ताई ठाण्याहून येते आणि आम्ही तिघी वखारींच्या त्या रस्त्यावर जातो. शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस लागतं, तिथे आई बसते. मी मागे.

मागच्या रविवारी निघण्यापूर्वी आईने ताईला गाडीभोवती फिरवलं. ताई कंटाळली होती, तिला कधी एकदा चालवते असं झालं होतं. टायर बघितले, खाली वाकून बघितलं, आता बसू का, असं तिने विचारलं. आई म्हणाली, बस. ताई बसली, सीट पुढे ओढली, आरसा नीट केला, आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग इतकं घट्ट धरलं की बोटांची पेरं पांढरी पडली. आईने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि पकड सैल होईपर्यंत तसाच ठेवला.